डॉस ६.२२ च्या घरच्या ४८६ ला सीडी ड्राइव्ह: ड्रायव्हर कोणता निवडावा?

पूर्वभाग_४८६

नमस्कार मंडळी. घरच्या जुन्या मशीनवर सीडी नीट चालवायची आहे, पण ड्रायव्हरच्या निवडीपाशी अडलोय.

मशीन असं: ४८६ डीएक्स२-६६, ८ एमबी रॅम, ५४० एमबी हार्डडिस्क (सी आणि डी असे दोन भाग), साउंड ब्लास्टर १६, एमएस-डॉस ६.२२. सीडी ड्राइव्ह २४एक्सचा साधा आयडीई (हार्डडिस्क जोडतात त्याच जोडणीचा). सध्या विंडोज ९८ च्या बूट फ्लॉपीतला ओकसीडीरॉम.सिस आणि डॉससोबतचा एमएससीडेक्स (/एम:१०) लावलाय. ई हे अक्षर मिळतं, यादीही दिसते.

पहिली अडचण मेमरीची. चादरीच्या नक्षीचा डॉसवरचा प्रोग्राम ५६० केबी मोकळी मागतो आणि मला मिळते ५०२. एमईएम /सी च्या यादीत ओक ३५ केबी, एमएससीडेक्स ३५, स्मार्टड्राइव्ह (डिस्कवरून वाचलेलं मेमरीत राखून ठेवणारा कॅश) २८ आणि माउस १७ खातोय. सगळं डॉसच्या प्रोग्रामांसाठीच्या खालच्या ६४० केबीमध्येच बसलंय.

दुसरी नावांची. २००१ च्या आसपास विंडोज ९८ वर लिहिलेल्या नक्षीच्या सीड्या आहेत. तिथे फाइलचं नाव 'मोर_वेल_काठ_४८०हुक' असं पूर्ण होतं, इथे 'मोर_वे~१' दिसतं. मोराच्याच चाळीस नक्ष्या आहेत, त्यामुळे कुठली कुठली ते कळत नाही.

तिसरी, एक सीडी वाचतच नाही. 'सीडीआर१०३' असा आकडा येतो आणि ती हाय सिएरा किंवा आयएसओ-९६६० नाही म्हणून सांगतो. तीच सीडी नव्या लॅपटॉपवर उघडते.

ड्रायव्हर बदलून हे तिन्ही सुटेल का? आगाऊ धन्यवाद.

सहाशेचाळीस_केबी

दादा, मेमरी आजच सुटेल. नावांचं आणि त्या सीडीचं दुखणं वेगळं आहे, त्यावर खाली कोणीतरी सविस्तर लिहीलच. मी मेमरीपुरतं सांगते.

डॉसमध्ये सीडीला दोन वेगळे थर लागतात आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. कॉन्फिग.सिसमधला (मशीन चालू होताना डॉस वाचतो त्या मांडणीच्या फाइलीतला) ड्रायव्हर, तुमच्याकडे ओक, फक्त ड्राइव्हच्या यंत्राशी बोलतो: अमुक सेक्टर (सीडीवरचा ठरावीक मापाचा तुकडा) आण, ट्रे उघड, गाणं वाजव. फाइल, फोल्डर, अक्षर यांतलं त्याला काही कळत नाही. ते काम ऑटोएक्झेकमधल्या (त्यानंतर आपोआप चालणाऱ्या फाइलीतल्या) एमएससीडेक्सचं. तो सीडीवरची आयएसओ-९६६० ची मांडणी वाचतो आणि नेटवर्कवरच्या ड्राइव्हसारखं सोंग घेऊन डॉसला 'हा घे ई' म्हणतो. दोन्ही थर वेगवेगळे बदलता येतात. वरचा कुठलाही, खालचा कुठलाही, फक्त दोघांत ठरलेलं नाव एक हवं.

खालचा थर: ओक काढून टाका. तो जवळपास कुठल्याही आयडीई ड्राइव्हवर चालतो म्हणून बूट फ्लॉपीत टाकला होता. बूट फ्लॉपीत मेमरीची चिंता नसते, तुमच्याकडे आहे. त्याच्या जागी व्हाइड-सीडीडी.सिस घ्या (शोधताना व्ही-आय-डी-ई, आडवी रेघ, सी-डी-डी). तो साधारण ५ केबीत बसतो. फ्रीडॉससोबत येणारा यूडीव्हीडी२ त्याहून लहान आहे, पण मी तो पेंटियम आणि पुढच्या बोर्डांवर वापरायला सांगते. ४८६ ला व्हाइड बरा.

वरचा थर: एमएससीडेक्सचा मूळ देह १५-१६ केबीचा आणि वर /एम च्या प्रत्येक बफरला २ केबी, कारण सीडीचा सेक्टरच २०४८ बाइटचा. तुमच्या /एम:१० चे ३५ असे झाले. तोच ठेवायचा तर /एम:४ करा, १२ केबी जागच्या जागी सुटतील. पण माझी पसंती एसएचएसयूसीडीएक्सला (एस-एच-एस-यू-सी-डी-एक्स). तोही तेच काम करतो, जागा त्याच्या चौथाईच्या आसपास घेतो, आणि /यू दिलं की मेमरीतून निघून जातो. एमएससीडेक्स एकदा बसला की मशीन परत चालू केल्याशिवाय उठत नाही.

कॉन्फिग.सिस असं करा:

डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस
डॉस=हाय,यूएमबी
फाइल्स=३०
लास्टड्राइव्ह=एच
डिव्हाइसहाय=सी:\सीडी\व्हाइड-सीडीडी.सिस /डी:एमएससीडी००१

आणि ऑटोएक्झेक.बॅटमध्ये:

एलएच सी:\सीडी\एसएचएसयूसीडीएक्स /डी:एमएससीडी००१,ई

टाइप करताना सगळं अर्थातच इंग्रजी अक्षरांत.

'नोईएमएस' शब्द विसरू नका. तो नसला तर वरच्या मेमरीतले (६४० केबीच्या पुढच्या) ६४ केबी एक्सपांडेड मेमरीच्या चौकटीला जातात. उलट तुमचा नक्षीचा प्रोग्राम एक्सपांडेडच मागत असेल तर तिथे 'रॅम' लिहावं लागेल आणि जागा तेवढी कमी होईल. लास्टड्राइव्ह झेडपर्यंत नेऊ नका, प्रत्येक अक्षरामागे ८८ बाइट जातात. पण ती ओळच गाळली तर डॉस ई पर्यंतचीच अक्षरं राखतो; त्यापुढचं अक्षर लागलं तर 'अक्षरं शिल्लक नाहीत' म्हणून सीडी बसणार नाही.

/डी: नंतरचं नाव आठ अक्षरांपर्यंत काहीही चालतं, फक्त त्या नावाची फाइल किंवा फोल्डर डिस्कवर कुठेही नको. डॉस यंत्राचं नाव आधी पाहतो, मग ती फाइल कधी उघडतच नाही. 'चादर' हे नाव ड्रायव्हरला देऊन त्याच नावाचा फोल्डर ठेवला तर तासन्‌तास डोकं धराल.

ओक वरच्या मेमरीत का गेला नसता तेही सांगते. डिव्हाइसहाय आधी पूर्ण फाइल मावेल एवढी सलग जागा बघतो. ओकची फाइलच ४१,३०२ बाइटची. वर जागा असली तरी तेवढा सलग तुकडा नसेल तर तो मुकाट्याने खाली बसतो, कसली सूचनाही देत नाही. म्हणून मोठे ड्रायव्हर आधी आणि लहान नंतर, हा क्रम पाळा.

माउसला सीटीमाउस घ्या, १७ चे ३ होतात. ही सगळी मंडळी वर नाही गेली तरी खाली ५७० च्या पुढे मोकळी राहील. गेली तर ६०० पार.

आता यातली मेख. स्मार्टड्राइव्ह सीडीचा कॅश एमएससीडेक्सच्या भरवशावर करतो. एसएचएसयू लावल्यावर नुसतं स्मार्टड्राइव्ह टाइप करून तक्ता बघा. त्यात ई ची ओळ नसेल तर सीडी कॅश होत नाहीये. नक्षीच्या फाइली एकदा हार्डडिस्कवर उतरवून घेणार असाल तर काही बिघडत नाही. सीडीवरूनच पुन्हापुन्हा उघडणार असाल तर एमएससीडेक्स /एम:४ ठेवा आणि त्याच्या *नंतर* स्मार्टड्राइव्हची ओळ टाका. आधी टाकली तर त्याला सीडी दिसतच नाही. हे डॉस ६.२ पासूनच्या स्मार्टड्राइव्हला लागू, ६.० चा सीडीला हात लावत नाही.

रिबनकेबल

ताईंनी मेमरीचं चोख सांगितलंय. पण ड्रायव्हर निवडायच्या आधी झाकण काढून ड्राइव्हची पट्टी (रुंद चपटी केबल) कुठे लागलीय ते बघा. साउंड ब्लास्टर १६ म्हटलं म्हणून सांगतोय.

त्या काळच्या साउंड कार्डांवर सीडीसाठी वेगवेगळे कनेक्टर असत: पॅनासोनिकचा ४० पिनी, मित्सुमीचा ४० पिनी, सोनीचा ३४ पिनी, आणि नंतरच्या कार्डांवर खरा आयडीई, तोही ४० पिनीच. ४० पिनी सगळे दिसायला सारखे. पॅनासोनिकच्या जागी आयडीई ड्राइव्ह लावला तर जगातला कुठलाही ड्रायव्हर तो शोधू शकत नाही, आणि माणूस आठवडाभर कॉन्फिग.सिस खोडत बसतो. कनेक्टरशेजारी बोर्डावर छापलेलं नाव टॉर्च लावून वाचा.

तुमचा सध्या ओकवर चालतोय, म्हणजे लागलाय तो आयडीईलाच. तो साउंड कार्डाच्या आयडीईवर असेल तर तिथे कार्डासोबतचा एसबीआयडीई.सिस लावा. ओळीच्या शेवटी पत्ता द्यावा लागतो: /पी:१ई८,११,३ईई किंवा /पी:१६८,१०,३६ई, कार्डाच्या जंपरप्रमाणे (दोन पिना जोडणारी छोटी टोपी). मधला आकडा आयआरक्यूचा, म्हणजे कार्डानं प्रोसेसरला हाक मारायच्या ओळीचा. ११ किंवा १० दुसऱ्या कार्डाने घेतला असेल तर सीडी सापडते पण वाचताना मशीन थिजतं.

शक्य असेल तर ड्राइव्ह बोर्डाच्या दुसऱ्या आयडीई वाहिनीवर एकटा ठेवा, जंपर एमए (मास्टर) वर. एकच वाहिनी असेल तर हार्डडिस्क मास्टर, सीडी एसएल (स्लेव्ह). बायोसमध्ये (बोर्डावरच्या सुरुवातीच्या प्रोग्राममध्ये) सीडीच्या जागी 'नन' ठेवा. ४८६ च्या काळातल्या बायोसला सीडी ही हार्डडिस्क वाटते आणि तो तिचे सिलिंडर मोजत बसतो. पट्टीची लाल कड पिन एककडे, म्हणजे ड्राइव्हवर बहुधा वीजेच्या कनेक्टरच्या बाजूला. पट्टी ४६ सेंटीमीटरपेक्षा लांब नको.

गाणी वाजवायची असतील तर सीडीच्या पाठीमागून साउंड कार्डापर्यंत चार तारांची बारीक ऑडिओ केबल लागते. आवाज त्या तारेतून येतो, आयडीईच्या पट्टीतून नाही. ती नसली तर ड्राइव्ह फिरतो, सेकंद पुढे सरकतात, आणि स्पीकर गप्प.

आणि हे खास आपल्या सोलापूरच्या पूर्व भागासाठी. यंत्रमागाशेजारच्या घरात सुताची बारीक धूळ ट्रेच्या फटीतून थेट भिंगावर बसते. 'कधी वाचतो, कधी नाही' असं होत असेल तर ड्रायव्हरला दोष देण्याआधी वरचं झाकण काढा (चार स्क्रू), कापसाच्या काडीला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम ओलं करून भिंगावर एकदाच गोल फिरवा. दाब देऊ नका, भिंग तारेच्या स्प्रिंगवर तरंगतं. भिंग ज्या दोन दांड्यांवर सरकतं तिथेही तंतू गुंडाळलेले असतात, ते चिमट्याने काढा. ट्रेचा रबरी पट्टा एप्रिल-मेच्या उन्हात सैल झाला असेल तर ट्रे अर्ध्यावर अडकतो. त्याला तेल लावू नका, पट्टाच बदला.

पूर्वभाग_४८६

ताई, सगळ्या ओळी बदलल्या. आधी 'एमएससीडी००१ नावाचा ड्रायव्हर सापडला नाही' असं आलं. बघितलं तर एका फाइलीत दोन शून्यं होती आणि दुसरीत शून्याऐवजी इंग्रजी ओ. सुधारल्यावर आता ६०९ केबी मोकळी. नक्षीचा प्रोग्राम उघडला! पट्टी बोर्डाच्या आयडीईवरच आहे, दुसऱ्या वाहिनीवर.

'मोर_वे~१' मात्र तसंच. आणि १०३ वाली सीडी एसएचएसयूवरही उघडत नाही. शिवाय विंडोज ३.११ पण आहे या मशीनवर, त्यात काही वेगळं करायचं का?

सेक्टर_सोळा

नावांचं आणि १०३ चं मी घेतो.

आयएसओ-९६६० हा १९८८ चा दर्जा. त्याआधीची हाय सिएरा मांडणी नेवाडातल्या त्या नावाच्या हॉटेलात जमलेल्या कंपन्यांनी ठरवली, म्हणून तुमच्या त्रुटीत दोन्ही नावं आहेत. सीडीच्या १६ व्या सेक्टरला मुख्य वर्णन असतं. त्यातल्या पहिल्या पातळीच्या नियमानं नाव ८ अक्षरं, टिंब, ३ अक्षरं, तेही फक्त मोठी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि खालची रेघ. फोल्डर आठ पातळ्यांपर्यंतच खोल.

विंडोज ९५ आल्यावर मायक्रोसॉफ्टने जोलिएट आणलं. जोलिएटची सीडी म्हणजे एकाच मालावर दोन याद्या. १६ व्या सेक्टरची मुख्य यादी छोट्या नावांची, आणि तिच्यापुढच्या सेक्टरांत दुसरी पुरवणी यादी, ६४ अक्षरांपर्यंतच्या लांब नावांची. दोन्ही याद्या त्याच फाइलींकडे बोट दाखवतात. एमएससीडेक्स फक्त पहिली यादी वाचतो, त्याला दुसरी आहे हेच माहीत नाही. म्हणजे तुमची लांब नावं सीडीवर आजही शाबूत आहेत.

डॉसएलएफएन नावाचा प्रोग्राम डॉसला लांब नावं देतो. पण ती वापरणाऱ्या प्रोग्रामला लांब नावांची हाक मारता आली पाहिजे. डॉस ६.२२ चा स्वतःचा डीआयआर ती मारत नाही, तुमचा नक्षीचा प्रोग्रामही मारणार नाही. म्हणून तुमच्या कामाला त्याचा उपयोग नाही.

उपाय सीडीच्या बाजूने करा. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर जोलिएट सीडीवरचं सगळं एका फोल्डरात उतरवा, लांब नावांसकट. मग असा आदेश:

एमकेआयएसओएफएस -आयएसओ-लेव्हल १ -टी -ओ चादर.आयएसओ नक्षी

'-टी' ला विसरू नका, मोठ्या लिपीतला टी. तो प्रत्येक फोल्डरात ट्रान्स.टीबीएल नावाची साधी मजकूर फाइल टाकतो, तिच्यात छोटं नाव आणि त्याच्यापुढे मूळ लांब नाव. आठ अक्षरांत जिथे टक्कर होते तिथे तो शेवटी ०००, ००१, ००२ असे आकडे लावतो. मोराच्या चाळीस नक्ष्या ००० ते ०३९ अशा येतील आणि कुठली कोण ते त्या तक्त्यात लिहिलेलं असेल. तक्ता लॅपटॉपवरच छापून सीडीच्या डबीत ठेवा. डॉसवर टाइप आदेशानं बघितलात तर ओळी पायऱ्यांसारख्या तिरक्या पडतील, कारण लिनक्स ओळीच्या शेवटी एकच चिन्ह टाकतो आणि डॉसला दोन लागतात.

त्याहून चांगलं म्हणजे फाइलींना आधीच स्वतःची आठ अक्षरी नावं द्या. एम४८०के०१: मोर, ४८० हुक, काठ, पहिली. हे हातानं करायला एक संध्याकाळ जाते, पण मग तक्ता लागत नाही. '~१' वाल्या नावांवर बॅट फाइल कधी लिहू नका. सीडी लिहिणारा प्रोग्राम आणि हार्डडिस्क हे आकडे आपापल्या क्रमानं वाटतात, एकीकडचा ~३ दुसरीकडे ~७ असू शकतो.

१०३ ची सीडी: ती लॅपटॉपवर उघडते म्हणजे खराब नाही. २००१ च्या सुमारास सीडीवर फ्लॉपीसारख्या फाइली ओढून टाकायची पद्धत होती. तशी सीडी यूडीएफ मांडणीची असते, तिच्या १६ व्या सेक्टरला आयएसओचं वर्णनच नसतं. एमएससीडेक्स काय, एसएचएसयू काय, दोघेही रिकाम्या हातानं परत येतात. दुसरी शक्यता, तिचं सत्र (एका बैठकीतलं लिखाण) बंदच केलेलं नसेल. आधी सीडीवर काय छापलंय ते बघा. 'आरडब्ल्यू' असेल तर तिसरी शक्यताही आहे: अशा सीडीवरून प्रकाश छापील सीडीच्या मानाने जेमतेम पाव-तिसरा हिस्सा परत येतो आणि १९९७ च्या आधीच्या बऱ्याच ड्राइव्हना तो पुरत नाही. पण तसं असतं तर बहुधा १०१, म्हणजे 'ड्राइव्ह तयार नाही', आलं असतं. १०३ चा अर्थ सेक्टर वाचला गेला, फक्त आत अपेक्षित मजकूर नव्हता. तिन्हींवर इलाज एकच: लॅपटॉपवर फाइली उतरवा आणि वरच्या पद्धतीनं नवी सीडी करा.

सीडी करायचीच नसेल तर एसएचएसयूच्याच पुडक्यात एसएचएसयूसीडीएचडी आहे. तो हार्डडिस्कवरची आयएसओ फाइलच (अख्ख्या सीडीची एका फाइलीतली नक्कल) सीडी म्हणून दाखवतो. आधी 'एसएचएसयूसीडीएचडी /एफ:डी:\चादर.आयएसओ', मग एसएचएसयूसीडीएक्सच्या ओळीत आणखी एक /डी:?एसएचएसयू-सीडीएच,एफ. प्रश्नचिन्हाचा अर्थ, तो ड्रायव्हर नसला तरी अडू नको. तुमच्या ५४० च्या डिस्कवर अख्खी सीडी मावणार नाही, पण रोज लागणाऱ्या नक्ष्यांची ६०-७० एमबीची आयएसओ छान बसेल, आणि सीडीपेक्षा कितीतरी पटीनं चपळ.

सहाशेचाळीस_केबी

६०९ ऐकून फार बरं वाटलं, दादा.

विंडोज ३.११ चं: त्यातली ३२-बिट फाइल सोय हार्डडिस्कचा कॅश स्वतः करते, सीडीचा करत नाही. विंडोजमध्ये सीडी कॅश हवी असेल तर एमएससीडेक्स आणि त्यामागून स्मार्टड्राइव्ह हीच जोडी लावावी लागेल. दोन्ही पाहिजेत तर कॉन्फिग.सिसमध्ये [मेनू] करा: एक पर्याय नक्षीचा, एसएचएसयूचा, आणि दुसरा विंडोजचा, एमएससीडेक्सचा. डॉस ६ पासून ही सोय आहे. ऑटोएक्झेकमध्ये 'गोटू %कॉन्फिग%' ने निवडलेल्या भागाकडे उडी घ्यायची. काही अडलं तर चालू होताना एफ८ दाबा, एकेक ओळ विचारून घेईल आणि कुठली ओळ रुसली ते तिथेच दिसेल.

पूर्वभाग_४८६

यूडीएफच निघाली, 'आरडब्ल्यू' नाही, साधी आर. लॅपटॉपवर उतरवून घेतली. नव्या पेठेत कोऱ्या सीड्या मिळाल्या, पण ७०० एमबीच्याच, ६५० च्या कुठेच नाहीत. चालतील ना?

रिबनकेबल

चालतील. एकाच दमात, म्हणजे डिस्क-ॲट-वन्स लिहा, सत्र बंद करा. वेग सगळ्यात कमी नको. आजच्या कोऱ्या सीड्यांवरचा लिहायचा रंगलेप चढ्या वेगासाठी बनवलेला असतो, ८एक्स ते १६एक्स ठेवा. आणि ७०० च्या सीडीवर ६०० पर्यंतच भरा. जुन्या ड्राइव्हचं भिंग बाहेरच्या कडेला पोचताना धडपडतं, ती कड रिकामी राहू द्या.